बुजवलेल्या देवड्या

देवडी म्हणजे काय, ते मला गेल्या हिवाळ्यात एका पंचविशीतल्या मुलीनं समजावून सांगितलं. ती पुण्याहून आली होती. तिच्यासोबत जुन्या वास्तूंची आवड असलेली बसभर माणसं होती, डोक्यावर टोप्या आणि गळ्यात कॅमेरे. आमच्या गावची वेस आता दुरुस्त झाली आहे. कमानीवर उगवलेला पिंपळ काढला, चुना भरला, आणि दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंती पाडून आतल्या देवड्या मोकळ्या केल्या. मी दौंडहून भाच्याकडं आले होते, म्हणून मीही गर्दीत जाऊन उभी राहिले. मुलगी छान बोलत होती. वेशीच्या पोटात समोरासमोर दोन खोल कमानी, प्रत्येकीत कमरेएवढा दगडी ओटा, पाठ टेकायला भिंत, दिव्याला कोनाडा. पहारेकऱ्यानं बसावं, वाटसरूनं टेकावं, गावानं सुखदुःख बोलावं म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही जागा. इथं सगळं गाव एकत्र बसायचं, असं ती म्हणाली, आणि माझे पांढरे केस बघून माझ्याकडं वळली. "आजी, तुम्ही इथल्याच ना? तुमच्या लहानपणी इथं गप्पा कशा रंगायच्या ते सांगा ना." मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, थोडक्यात सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. मग ती म्हणाली, हो, त्या काळी सगळीकडे असंच होतं, आणि लोकांना घेऊन कमानीवरचं नक्षीकाम दाखवायला पुढं गेली. त्या काळी. जसं काही मी यादवांच्या राज्यातली बाई आहे. मी त्या वेळी आठवीत होते आणि अजून माझी मीच बाजारहाट करते. म्हणून जे तिथं अर्धवट राहिलं ते इथं पुरतं लिहिते.

आमचं घर वेशीच्या बाहेर होतं. बौद्धवाडा सगळाच बाहेर, उताराला, ओढ्याच्या अंगाला. शाळा, पिठाची गिरणी, वाण्याचं दुकान वेशीच्या आत. मिठाचा खडा आणायचा म्हटला तरी वेशीतून जाणं आलं. एस.टी. मात्र बाहेरच थांबायची, कारण कमानीतून ती आत शिरत नसे. शिरूरला जाणारी गाडी चढाला लागली की गिअर बदलताना जो करकर आवाज व्हायचा, तो आमच्या चुलीपर्यंत यायचा, आणि आई भाकरी थापता थापता सांगायची, आज गाडी भरून आली, आज रिकामी आली. तिचं बहुतेक बरोबर निघायचं. ती यवतची होती. तिचं माहेर अगदी हमरस्त्याला लागून. ट्रका, ढाबे, मुंबईच्या आणि सोलापूरच्या गाड्या, नाना मुलखाची माणसं एका बाकड्यावर चहा पिताना बघत ती वाढलेली. गाव तिला गयाबाई म्हणत नसे, यवतकरीण म्हणे, आणि ते म्हणताना जरा नाक मुरडे. ती सरळ बघून बोलायची, एवढंच त्याचं कारण.

दादा, म्हणजे माझे वडील, हंगाम सुरू झाला की पाटसच्या कारखान्यावर जायचे. महिना-महिना तिकडंच. घरी आले की त्यांच्या कपड्यांना मळीचा गोडूस आंबट वास असायचा. आई ते कपडे धुवायची तेव्हा बादलीभोवती मुंग्या जमायच्या. दादा आले की शिरूरच्या बाजाराची सुकट यायची. तव्यावर कांदा टाकून आई ती परतायला लागली की शेजारची ठकूकाकू भिंतीपलीकडून विचारायची, मालक आले वाटतं. एरवी सकाळी भाकरी आणि लसणाची चटणी, रात्री हुलग्याचं माडगं. हुलगे भाजताना जो खमंग धूर व्हायचा तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत वास आहे. दुपारी गिरणीचं इंजिन पुकपुक करायचं, आणि ते बंद पडलं की गावावर अशी शांतता पसरायची की देवडीतलं हसणं आमच्या अंगणात ऐकू यावं.

देवडीत गावकीची पुरुषमाणसं बसायची. जेवणं आटोपली की ती येत, कुणी तंबाखू मळत, कुणी पाय वर घेऊन, काहीजण उजवीकडच्या ओट्यावर, काहीजण डावीकडच्या. मधून रस्ता. त्यामुळे इकडचा प्रश्न तिकडे जाई आणि तिकडचं उत्तर इकडे येई, आणि आम्ही बायकापोरी त्या बोलण्याच्या मधून चालत जायचो. डोक्यावर दळणाची पाटी, नजर खाली. आम्ही कमानीखाली आलो की बोलणं थांबे. आम्ही पलीकडं गेलो की हसणं सुरू होई. ते आमच्यावरच हसत असतील असं नाही, पण पाठीला ते तसंच लागायचं. चपला हातात घेऊन जायची रीत दादांच्या लहानपणीच मोडली होती. मान मात्र खालीच राहिली होती. आणि देवडीत बसायचं नाही, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. उन्हात गाडीची वाट बघायची तर आमची माणसं रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली उभी राहत. बाभळीला सावली कसली, नुसती जाळी. समोर चार पावलांवर थंडगार काळा दगड, आत गार वारं, आणि त्यातली अर्धी जागा मोकळी.

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो ते त्या मुलीला माहीत नव्हतं, आणि तिच्या माहितीत ते असायला हवं होतं. देवडी पहारेकऱ्यासाठी, हे ती बरोबर बोलली. पण पहारेकरी कोण होता? आमच्या घरात वेसकरकी होती. माझ्या पणज्यापर्यंत आमच्याच घरचे पुरुष हातात काठी घेऊन वेशीवर राखण करायचे. दादांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलं होतं की राखण करणारा वेसकर ओट्यावर नाही, ओट्याच्या खाली जमिनीवर घोंगडी टाकून बसायचा. राजानं म्हणा, पाटलानं म्हणा, ज्यानं ती वेस बांधली त्यानं ओटा राखणाऱ्यासाठी बांधला, आणि गावानं राखणाऱ्याला खाली बसवून ओटा स्वतःकडं ठेवला. दादा हे सांगताना चिडत नसत. सांगून झालं की उगीच खाकरत, बस. चिडायचं काम आईनं आणि मी वाटून घेतलं होतं.

आई तेव्हा गरोदर होती. माझ्यानंतर दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून शिरूरच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला वरचेवर येऊन दाखवायला सांगितलं होतं. उन्हाळा होता, शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तिच्यासोबत निघाले. गाडीची वेळ होऊन गेली तरी गाडी आली नाही. बाभळीखाली आम्ही दोघीच. मातीतून झळा येत होत्या. आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, मग बाभळीच्या खोडाला हात लावला, मग तिचे ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, खाली बस. ती खाली बघून म्हणाली, हितं कुठं बसू, पाय भाजत्यात. आणि ती चालायला लागली. मला वाटलं घराकडं वळेल. ती सरळ वेशीत गेली आणि उजवीकडच्या देवडीत, कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बसली. पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले.

समोरच्या ओट्यावर सरपंचाचा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे बापू म्हणत. आईच्या ओट्यावर पलीकडच्या टोकाला किसनआबा बसलेले होते, गावकीतले वयानं सगळ्यात मोठे, गुडघ्यांनी हैराण, सकाळ-दुपार देवडीतच पडून असणारे. आणखी काहीजण होते. कुणी ओरडलं नाही. आधी तंबाखू मळणारा हात थांबला. मग एकजण उठला, धोतर झटकून आत निघून गेला. मग दुसरा. आबा दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि काठी टेकत समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांना उठताना किती त्रास झाला ते मी बघितलं. तेवढा त्रास सोसायची तयारी होती, पण एका ओट्यावर बसायची नव्हती. शेवटी बापू म्हणाला, "यवतकरणी, ऊठ तिथनं."

आईनं डोळे उघडले. "गाडी आली की उठते, बापू. घेरी आलीया."

तो पुन्हा म्हणाला. आईनं माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. त्या दगडाचा गारवा परकरातून मांडीला लागला तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. मी ते हलवू का नको याचाच विचार करत होते. मग चढावर गिअरचा आवाज झाला. आई सावकाश उठली, पदर सारखा केला आणि आम्ही गाडीत बसलो.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. आईला मीठ घ्यायचं होतं म्हणून आम्ही वेशीतून आत निघालो, आणि कमानीखालीच तिची पावलं थांबली. उजवीकडचा ओटा धुतला होता. नुसता धुतला नव्हता, घासला होता. दगडाच्या सांध्यांतून पाणी अजून खाली ठिबकत होतं. खाली शेणाचा सडा, आणि गोमूत्राचा उग्र वास. दिव्याच्या कोनाड्यात कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. बापू आणि बाकीचे समोरच्या ओट्यावर बसून आमच्याकडंच बघत होते. मी आईचा पदर ओढला, म्हटलं, चल. ती मघाशी घेरीमुळे बसली होती, तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. पण तो ओला दगड बघितल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं दगडावर तळहात ठेवला, पाणी बोटांनी चोळून बघितलं, आणि नव्या लुगड्यानिशी त्या ओल्यावर बसली. दवाखान्यात जायचं म्हणून तिनं ते नेसलं होतं. मग समोर बघून शांतपणे म्हणाली, "आता परत धुवा."

मीठ राहिलंच. आम्ही घरी आलो तेव्हा तिच्या लुगड्याला मागं मोठा ओला डाग होता आणि तो सगळ्या वाड्यानं बघितला. ठकूकाकूनं काय झालं ते विचारलं. आईनं सांगितलं. काकू विधवा, स्वभावानं भांडकुदळ, आईशीही तिचं महिन्यातून एकदा वाजायचंच. ती ऐकून घेऊन आत गेली, दारं लावली. आम्हाला वाटलं घाबरली. दुसऱ्या दिवशी दळणाची पाटी घेऊन ती निघाली, वेशीत गेली, पाटी ओट्यावर ठेवली आणि पाटीच्या शेजारी स्वतः बसली. तिच्या मागून वाड्यातल्या बायका एकेक करत गेल्या. कुणी गवताचा भारा टेकवला, कुणी लेकरू पाजायला घेतलं. मी आईला घेऊन गेले. ठकूकाकू पाठ टेकून, तोंडावर वारं घेत बसली होती. ती मला म्हणाली, "बघ मंगे, हितं वारं कसं लागतंय. म्हणून उठत न्हाईत मेले." सगळ्या बायका हसल्या. वेशीत बायकांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. कमानीत ते घुमलं आणि घुमून परत आमच्यावरच आलं, आणि आम्ही अजून हसलो.

काही दिवस असेच गेले. आम्ही तिथं काय बोललो असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. कुणाच्या शेळीला करडू झालं, कुणाचं लग्न ठरलं, हुलगे किती भिजवायचे. बसल्या जागी, सावलीत, घाई नसताना बोलणं काय असतं ते आमच्या बायकांना तोवर माहीत नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं खुरपताना नाहीतर ओझं घेऊन चालताना व्हायचं. गावकीतले पुरुष त्या दिवसांत देवडीकडं फिरकले नाहीत. हाणामारी होईल असं आम्हाला वाटत होतं. ती झाली नाही. झालं ते वेगळंच, आणि ते माझ्या चौदा वर्षांच्या डोक्यात मावलं नाही. एका सकाळी वेशीपुढं विटांचा ढीग पडला. शिरूरहून गवंडी आले. ग्रामपंचायतीनं ठराव केला होता की जुनी बांधणी धोक्याची झाली आहे, सबब देवड्या बंद कराव्यात. दोन्ही देवड्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही कमानी विटांनी भरल्या, वर सिमेंटचा गिलावा झाला, आणि शेकडो वर्षांची ती बसायची जागा नुसती भिंत झाली. पुढं त्या भिंतीवर खताची जाहिरात रंगवली गेली. शेजारी बसण्यापेक्षा त्यांनी स्वतःची सावली गाडून टाकली. मी पुढं पुष्कळ शिकले, पोस्टात पुष्कळ वर्षं नोकरी केली, काउंटरच्या पलीकडून नाना तऱ्हेची माणसं बघितली, पण या गोष्टीचा अर्थ लावायला बसले की माझं डोकं अजून तापतं.

दादांना निरोप गेला. हंगाम संपत आला होता, ते आले. पहिल्यांदा आईवरच चिडले, अशा अवस्थेत कशाला हे करायचं म्हणून. आईनं फक्त विचारलं की त्यांना बाभळीखाली घेरी आली असती तर ते कुठं बसले असते. मग वाड्यातल्या दोघांना घेऊन दादा तक्रार द्यायला तालुक्याला गेले. शिवाशिवीविरुद्ध कायदा होता, आणि तो आहे हे दादांना ठाऊक होतं. काही दिवसांनी एक साहेब जीप घेऊन आला. त्यानं भिंत बघितली, सरपंचाच्या ओसरीवर चहा घेतला, आणि मग आमच्या माणसांना वेशीपाशी बोलावलं. मीही मागं जाऊन उभी होते. साहेब चांगल्या शब्दांत बोलला. तो म्हणाला, भिंत दोन्ही बाजूंना आहे, आता तिथं कुणालाच बसता येत नाही, मग भेदभाव कुठं राहिला? उलट समानताच झाली. आमची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दादा सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "साहेब, ती आधी सगळ्यांना मोकळी हुती. तवा आम्हाला बसता येत न्हवतं. आता भिंत झाली तवा तुम्ही म्हणता सगळे सारखे." साहेबानं घड्याळ बघितलं. जीप गेली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. कांदा काढणीला, निंदणीला आम्हाला कुणी बोलावेना. गिरणीवाला आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेई, आणि तोवर इंजिन बंद करायची वेळ होई. ठकूकाकूनं अडगळीतलं जातं काढलं, त्याचे गुळगुळीत झालेले दगड टाकी लावून खडबडीत करून आणले, आणि ती आणि मी दळायला लागलो. माझ्या हाताला फोड आले. त्या पिठाची भाकरी जाडसर व्हायची, आणि आई म्हणायची, चव तरी हाय हिला. आई कामाला पार पाबळच्या वाटेवरच्या मळ्यांत जाऊ लागली, पोट पुढं आणि डोक्यावर विळा-खुरप्याची पाटी. पोळा झाल्यावर ती घरीच बाळंत झाली, ठकूकाकूच्या हातांनी. मुलगी झाली. आई म्हणाली, ही तरी टिकली.

ऊन पुन्हा तापलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी आमच्या दारात काठीचा आवाज झाला. बाहेर बघते तर किसनआबा. उभ्या हयातीत ते वाड्यात आले नव्हते. दादा घरी होते, ते गडबडून उभे राहिले. आबा तक्रार घेऊन आले होते. आईला म्हणाले की तिच्यापायी त्यांची बसायची जागा गेली. घरात सुना बसू देत नाहीत, ओसरीवर ऊन येतं, हॉटेलात पोरं बाकडं अडवतात, म्हाताऱ्या माणसानं जावं कुठं? ते बोलत होते आणि त्यांचे गुडघे लटलट कापत होते. दादांचं तोंड लाल झालं. भिंत बांधली कुणी आणि जाब तिला विचारायला येतो म्हातारा, असं मलाही वाटलं आणि मी पुढं होणार तेवढ्यात आईनं लिंबाखालची बाज झटकली. "बसा आबा. आधी बसा, मग भांडा."

आबा किती वेळ उभे होते. बाजेकडं बघत होते, रस्त्याकडं बघत होते. मग बसले. पाणी घेतलं नाही. भांडण विसरले आणि दुष्काळातल्या कुठल्याशा विहिरीची गोष्ट सांगत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच यायला लागले. काही दिवसांनी पाणी प्यायले, मग चहा. आई काम करता करता हूं हूं करी, कधी उलट विचारी. दोघांचं चांगलं जमायचं, हे मला कबूल केलं पाहिजे. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली ते इथं येऊन विरघळतात. बघा, माणुसकी कुठंतरी असतेच, असं म्हणतात. मला त्या वेळीही तसं वाटलं नाही. आमच्या बाजेवर बसायला त्यांना चालत होतं, कारण बाज आमची होती, वाडा आमचा होता, आणि बघायला गावकी नव्हती. माझी बहीण पाळण्यात रडायला लागली की ते म्हणत, रडू दे, आवाज चांगला हाय. आणि मला वाटे, हाच माणूस दुखरे गुडघे घेऊन माझ्या आईशेजारून उठून गेला होता.

आईला ते आठवत नव्हतं असं नाही. तिनं आपली वेळ बघितली. ग्रामसभा येणार होती. तिनं आबांना सांगितलं की गावात त्यांच्या शब्दाला मान आहे, एवढं त्यांनी सभेत उभं राहून बोलावं की भिंती पाडा. बाकी काही नको. आबा म्हणाले, बोलतो. दुसऱ्या दिवशी तिनं आठवण केली, ते म्हणाले, बोलतो म्हणलं की. सभेच्या आदल्या दिवशी तर त्यांनी सभेत काय बोलणार तेही म्हणून दाखवलं, आणि चांगलं बोलले. वाडवडिलांनी बांधलेलं बुजवायचा आपल्याला हक्क न्हाई, असं काहीतरी.

सभेला दादा गेले, वाड्यातले बाकीचे पुरुष गेले. दादांनी भिंतीचा विषय काढला. सरपंच म्हणाले, ठराव झालेला आहे, कुणाला काही म्हणायचंय का? दादांनी आबांकडं बघितलं. आबा पहिल्याच रांगेत खुर्चीवर होते. ते काठीची मूठ बघत राहिले. सरपंचानं पुढचा विषय घेतला. दादा घरी येऊन हे बोलले तेव्हा आई बाळाला पाजत होती. तिनं ऐकून घेतलं आणि बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठीचा आवाज आला. मी दारात होते. लिंबाखालची बाज आईनं सकाळीच भिंतीला उभी करून ठेवली होती. आबा आले, बाजेकडं बघितलं, आईकडं बघितलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती म्हणाली, "आबा, आज बाज न्हाई." आवाज चढवला नाही की तोंड फिरवलं नाही. काठी टेकत, थांबत थांबत आबा चढ चढून गेले. वेशीपर्यंत ते दिसत होते.

मला तेव्हा, काय सांगू, त्यांची दया आली. मी आईला म्हटलं, म्हातारं माणूस होतं, बसू द्यायचं होतंस.

"बसू दिलं की इतके दिस," आई म्हणाली. "बसायला मी जागा दिली व्हती, मंगे. उभं त्यांनी ऱ्हायचं व्हतं."

मग तिनं बाज आडवी केली, तिच्यावर गोधडी टाकली, माझ्या बहिणीला निजवलं आणि भाकरी टाकायला आत गेली. आबा पुन्हा आले नाहीत.